भांड्यावरची नावं तेवढी घासू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही गावोगावच्या अँटिक दुकानांवर पानभर लेख छापलात. फोटो झकास होते, चकाचक हंडे, त्यात मनीप्लांट, समईचा टेबललॅम्प केलेला, घंगाळात पाणी आणि वर गुलाबाच्या पाकळ्या. बायको म्हणाली, तुमच्यावरच लिहिलंय की हे. पण मला काहीतरी खटकलं आणि दोन दिवस झाले तरी डोक्यातनं जाईना म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबलं तर कापा, पण नावांचा जो भाग आहे तो कापू नका.

मी औषध कंपनीचा एमआर. बावीस वर्षं झाली कराड, उंब्रज, पाटण, विटा, इस्लामपूर, फलटण, वाई असा पट्टा फिरतोय. एमआरचं आयुष्य ज्याला माहितीय त्याला सांगायला नको, डॉक्टरची ओपीडी संपल्याशिवाय आत घेत नाहीत, आणि दुपारी एक ते चार तालुक्याच्या गावात करायचं काय हा मोठा प्रश्न असतो. बाकीचे एमआर मोबाईल बघत बसतात, काही जण झाडाखाली गाडी लावून झोपतात. मी भंगारच्या दुकानात जाऊन बसायला लागलो. आधी उन्हापासनं सावली म्हणून गेलो हे खरंय, मग नाद लागला.

तुमच्या लेखात ज्यांना व्हिंटेज शॉप म्हणलंय ती आमच्याकडं त्या नावानं नाहीतच. असलं दुकान बघून कळतच नाही. एसटी स्टँडच्या मागं पत्र्याचं शेड, बोर्डावर 'जुनी भांडी मोड खरेदी-विक्री', बाहेर वजनकाटा, सायकलींचे सांगाडे, कूलरची जाळी, बॅटऱ्या. त्यातनं वाट काढत आत गेलं की मागं एक खोली असते. त्या खोलीत मालकानं वितळवायला न पाठवलेल्या वस्तू असतात. का पाठवल्या नाहीत विचारलं तर धड सांगता येत नाही त्याला, "बघू म्हणलं, चांगली वाटली" एवढंच. मला तर वाटतं ही मागची खोली हेच खरं आकर्षण आहे. मुंबईत चोर बाजारात मटन स्ट्रीटला गेलात की प्रत्येकाला प्रत्येक वस्तूचा भाव पाठ असतो, पुण्यात जुन्या बाजारातसुद्धा बुधवार-रविवार आता तसंच झालंय. इथं मालकाला भाव ठाऊक नसतो, पण घर ठाऊक असतं. हे कुणाकडनं आलं, त्यांनी का विकलं, त्यांचा मुलगा कुठं असतो, सगळं. शहरातल्या दुकानात वस्तू पोचते तोपर्यंत तिनं चार हात बदललेले असतात आणि ही माहिती पहिल्याच हाताला गळून पडते.

माझा नेहमीचा जो दुकानदार आहे त्याला सगळे चाचा म्हणतात. नाव-गाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी त्याला अडाण्यासारखं विचारलं, की चाचा यातलं अँटिक कुठलं? तो म्हणाला, "साहेब, इथं सगळं मोड आहे. तुम्ही घेतलं की अँटिक."

तर नावांबद्दल. आपल्याकडं भांड्यावर नाव घालायची पद्धत होती हे चाळीशीच्या वरच्या सगळ्यांना आठवत असेल. भांड्यांच्या दुकानात कोपऱ्यात एक माणूस बसायचा, 'नाव घालून मिळेल' अशी पाटी, चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं, तो विचारायचा काठावर का पोटावर. पुढं इलेक्ट्रिक मशीन आलं, कर्रर्र आवाज करत एका रेषेत नाव लिहून टाकायचं, पण त्याच्या आधीची जी नावं आहेत ती टिंबांची. बारीक टोकाची छिन्नी आणि छोटी हातोडी, एकेक टिंब ठोकून अक्षर. बोट फिरवलं की अंधारातसुद्धा लागतं. वेलांटीला वळण घेताना टिंबं जवळजवळ येतात, सरळ काना असला की लांब लांब, घाई असली की शेवटचं अक्षर काठावर चढतं. काही ठिकाणी शुद्धलेखनाचा पार बट्ट्याबोळ असतो. 'स्मरणार्थ' हा शब्द मी आजवर सहा प्रकारे लिहिलेला बघितलाय.

आणि वाचायला काय काय मिळतं! लग्नातल्या हंड्यावर 'चि. सौ. कां.' आणि पुढं नाव, खाली 'मामाकडून' किंवा 'आत्याकडून'. देवळाच्या घंगाळावर 'कै.' अमुक 'यांचे स्मरणार्थ' आणि देणाऱ्याचं नाव मयताच्या नावापेक्षा मोठं, हे तर हटकून. गावकीच्या पातेल्यांवर गावाचं नाव आणि नंबर, म्हणजे लग्नाला नेलेलं परत आलं का हे मोजता यावं म्हणून. तालमीचा गडू, वसतिगृहाची ताटं, मुंबईतल्या खानावळीचा तांब्या, जो गिरणीतनं गावी परत आलेल्या कुणाच्या तरी वळकटीतनं आला असणार, विचारून आणला का न विचारता ते देवाला ठाऊक. साल बहुतेक वेळा शके असतं, त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे. माझ्याकडं एक तपेलं आहे, त्यावर शके १८७१, म्हणजे १९४९-५०. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झालेली, आणि कुणाच्या तरी आत्यानं भाचीला तपेलं दिलं. आडनाव लिहीत नाही, ते घर अजून गावात आहे.

आता एक प्रसंग सांगतो, त्यासाठीच खरं हे पत्र आहे. तीनेक वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, मी चाचाकडं बसलेलो. एक गाडी आली, दोघं भाऊ, पुण्याला असतात, आजी वारली म्हणून आलेले, घर लॉक करायचं होतं, डिकीत भांडी. चाचा एकेक काट्यावर ठेवत होता. एक पितळी हंडा होता त्यावर टिंबांचं नाव, मी सवयीनं वाचलं. धाकटा म्हणाला, "ही कोण? या नावाचं आमच्यात कोणीच नाही, कुणाचा तरी अदलाबदल होऊन आलेला दिसतोय." चाचानं काट्यावरनं हंडा उचलला आणि खाली ठेवला. म्हणाला, "मोठ्या माणसाला फोन लावा कुणाला तरी." त्यांनी सांगलीला कुणा आत्याला फोन लावला, स्पीकरवर. आत्या बराच वेळ गप्प. मग म्हणाली अरे ती आईच, तिचं माहेरचं नाव ते.

लग्नात नाव बदलायची आपल्याकडची पद्धत, ती काय नवीन सांगायला नको. सासरी आजीचं नाव एका नदीचं, हंड्यावर एका फुलाचं. माहेरच्यांनी लग्नाआधी हंडा घेतला, त्यावर त्यांना माहीत असलेलं नाव घातलं. मग अंतरपाट धरला, नाव बदललं, आणि पुढची साठ-सत्तर वर्षं ते फुलाचं नाव कुणी घेतलं नाही. सातबाऱ्यावर नाही, रेशनकार्डावर नाही, नातवांना तर माहितीच नाही. फक्त हंड्यावर राहिलं, आणि ती बाई रोज तो घासत होती.

भावांनी हंडा परत गाडीत ठेवला. बाकीचं दिलं. चाचा मला नंतर म्हणाला, "चार किलोचं नुकसान झालं बघा फोनपायी." पण हसत होता.

तेव्हापासनं मी भांड्याकडं भांडं म्हणून बघायचं सोडलं. घर नवऱ्याच्या नावावर, जमीन सासऱ्याच्या, बाईच्या नावानं घरात काय असायचं तर पाच-सात भांडी. तीच तिची कागदपत्रं. हे जरा जास्त होतंय असं वाटत असेल तर तुमच्या घरातल्या माळ्यावर चढा आणि आजीच्या हंड्याचा काठ बघा, मग बोलू.

सगळंच काय रडवणारं नसतं. पाटणला मला एक तांब्याची कळशी मिळाली, एका बाजूला भला मोठा पोचा. मी म्हणलं पोच्याचे पैसे कमी करा. मालक म्हणाला पोच्याचे तर जास्त घेतले पाहिजेत, भूकंपातला पोचा आहे तो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, आमच्या भागात अजून लोक वय त्याच्यावरनं सांगतात, भूकंपाच्या आधीचा, भूकंपानंतरची. ज्या घरातनं कळशी आली त्यांची भिंत चुलीवर पडली होती आणि ढिगाऱ्यातनं ही निघाली म्हणे, माणसं बाहेर झोपलेली म्हणून वाचली. खरं असेल, खोटं असेल, मी काय सरकारी पंचनामा बघितलेला नाही. पण तांबटाकडं नेली तर तासाभरात पोचा काढून देईल आणि मी काढलेला नाही. घरी त्यात पिण्याचं पाणी भरतो, पोचा भिंतीकडं करून ठेवतो कारण बायकोला तो बघवत नाही.

आणि आमच्या कराडची म्हणून एक वस्तू आहे, जिच्यासाठी मी अजून प्रत्येक दुकानात मान वर करून छताकडं बघतो. प्रभाकर कंदील. नव्या पोरांना माहीत नाही म्हणून सांगतो, कराडला रेल्वेनं उतरलात की तुम्ही खरं तर ओगलेवाडीला उतरता, आणि ती वाडी ज्यांच्या नावाची त्या ओगल्यांचा काचकारखाना. १९१६ चा, औंध संस्थानातला. त्या काळात कंदील परदेशातनं यायचे, इथं त्यांनी काच केली, कंदील केला आणि तो घराघरात गेला. त्याच्या आधी तळेगावला पैसा फंडाचा काचकारखाना निघालेला, लोकांकडनं एकेक पैसा गोळा करून, १९०८ मध्ये. म्हणजे आज आपण जी काच शोकेसमध्ये ठेवतो ती एकेकाळी लोकांच्या खिशातल्या पैशातनं उभी राहिलेली, स्वदेशी वगैरे जे शाळेत वाचलं ते हे. कारखाना बंद पडून जमाना झाला. मला उंब्रजला एक कंदील मिळाला, टाकीला गंज, वातीचं चाक अडकलेलं, काच तडकलेली पण जाग्यावर, आणि टाकीवर उठवलेलं नाव. दीडशे रुपये. दुकानदार म्हणाला नवीन चायनीज घ्या की चार्जिंगचा, याला रॉकेल कुठनं आणणार. मी म्हणलं लावायचा नाहीये. तर म्हणाला, मग कशाला पाहिजे? बरोबर आहे की त्याचं. मला उत्तर आलं नाही. घरी आणून चाकात खोबरेल सोडलं, दोन दिवसांनी चाक फिरलं, त्या चाकाच्या आवाजाला मी माझ्या आजोळी जाऊन आलो एवढंच सांगतो.

आता फसलो ते पण सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल हा शहाणा आहे. थंड हवेच्या ठिकाणी जाणाऱ्या रस्त्यावर एक मोठं दुकान होतं, बाहेर बैलगाडीची चाकं लटकवलेली, आत लाइटिंग, तिथनं मी साडेसहा हजाराला फोनो, म्हणजे ग्रामोफोन, घेतला. पितळी कर्णा, अष्टकोनी लाकडी पेटी, वर कुत्र्याचं चित्र. बायकोला न सांगता. घरी दोन तबकड्या वाजल्या आणि तिसरीला स्प्रिंग गेली. दुरुस्तीवाल्या म्हाताऱ्यानं पेटी उघडायच्या आधीच सांगितलं की ही कालची आहे. म्हणाला स्क्रू बघा, डोक्यावर अधिकची खूण. जुन्या फोनोला सरळ खाचेचे स्क्रू असतात, अधिकच्या खाचेचे नंतर आले. कर्णा पत्र्यासारखा पातळ, कुत्र्याचं चित्र स्टिकर, आतली मोटार कुठल्या तरी जुन्या पोर्टेबल फोनोची काढून बसवलेली. म्हणजे फोनोच्या पोटात फोनो. तो अजून घरी आहे, बायको त्यावर कुंडी ठेवते आणि पाहुण्यांना मुद्दाम त्याची किंमत सांगते.

त्यानंतर खिशात भिंग ठेवायला लागलो. रविवर्म्याची चित्रं म्हणून जे फ्रेम करून विकतात ना, लक्ष्मी-सरस्वती, ती भिंगाखाली धरायची. जुना शिळाप्रेसचा, म्हणजे दगडावरनं काढलेला, छाप असेल तर रंगाचे ठिपके आडवेतिडवे, हातानं टाकल्यासारखे दिसतात. आजच्या ऑफसेटचे ठिपके शिस्तीत, कवायतीला उभे राहिल्यासारखे. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, त्यामुळं आपल्या भागातल्या जुन्या घरात अस्सल छाप निघतात, नाही असं नाही, काहींवर तर घरातल्या बायकांनी टिकल्या आणि जर चिकटवून देवीला साडी नेसवलेली असते. पण वाळवीनं कोपरा खाल्लेला, काच मागच्या बाजूनं धुरकटलेली असा एक मिळाला तर रस्त्यावरच्या दुकानात पन्नास कोरे मिळतात, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळे केलेले.

नाण्यांचं तर विचारूच नका. एका बाजूला रामपंचायतन, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, एक आणा किंवा अर्धा आणा, १८१८ साल, असली नाणी प्रत्येक जत्रेत ढिगानं मिळतात. कंपनीनं रामदरबाराची असली नाणी कधी पाडलीच नाहीत. तरी लोक घेतात, आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे तांदूळ ओढणारं तांब्याचं भांडं, राईस पुलर म्हणतात त्याला, नासावाले कोटीत घेतात असं सांगून माणसाला बुडवतात. माझ्या ओळखीचा शिकलेला माणूस यात एकरभर जमिनीचे पैसे घालवून बसलाय. ज्याला कुणाला असला फोन येईल त्यानं सरळ पोलिसात जावं.

बरं, कायद्याचं एक दोन ओळीत सांगून टाकतो कारण तुमच्या लेखात ते अजिबात नव्हतं आणि लोक अडकतात. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, शंभर वर्षं झालेली वस्तू त्यात येते, हस्तलिखितं पंचाहत्तर वर्षांची असली तरी येतात. दगडाच्या-धातूच्या जुन्या मूर्तींची नोंदणी करावी लागते, आणि देशाबाहेर तर यातलं काहीच नेता येत नाही, अमेरिकेतल्या भाच्याला आजोबांची जुनी मूर्ती सामानातनं पाठवू नका. रानात नांगरताना काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचा कायदा आहे १८७८ चा, त्यात दहा रुपयांच्या वरचं सगळं आलं, दहाच रुपये, आकडा बदलायला कुणाला सुचलेलं नाही. एका दुकानात मी वीरगळाचा, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीच्या दगडाचा, तुकडा पायरी म्हणून लावलेला बघितला. मालकाला म्हणलं हा दगड कुठला? तर म्हणाला नदीकाठचा. त्याच्यावर लढणारा माणूस कोरलेला होता आणि लोक त्याच्यावर चप्पल काढत होते. मी तिथं परत गेलो नाही.

आता माझी मूळ तक्रार. गेल्या काही वर्षांत, म्हणजे २०१९ च्या महापुरानंतर जास्त, या दुकानांत माल खूप आला. त्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकडं घरात कमरेच्या वर पाणी होतं, लाकडी कपाटं फुगली, पेट्या फुटल्या, लोकांनी घर धुवून जे जड आणि जुनं होतं ते काढून टाकलं. माल आला म्हणल्यावर पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक पण यायला लागलं, कॅफेवाले, इंटिरियरवाले, रीलवाले. दुकानदाराला चार पैसे मिळतात, मला त्याचं वाईट वाटायचं कारण नाही, उलट वितळण्यापेक्षा कुणाच्या दिवाणखान्यात गेलेलं बरं. पण या गिऱ्हाईकाला भांडं पाहिजे असतं आणि त्यावरचं नाव नको असतं. चाचालासुद्धा एक बाई म्हणाल्या, "वस्तू सुंदर आहे हो, पण दुसऱ्यांचं नाव घरात कसं ठेवायचं, ते काढून मिळेल का?"

मिळतं की. बफचं मशीन असतं, मोटारीला कापडाची चकती, लाल पॉलिश लावायचं आणि भांडं धरायचं. नुसत्या बफनं खोल टिंबं जात नाहीत, म्हणून आधी काचपेपरची चकती मारतात, मग बफ. मी उभा राहून बघितलंय. आधी काळपट रंग जातो, मग पिवळं निघतं, मग टिंबं उथळ होत जातात, 'सौ' जातं, अर्धं नाव उरतं, मग आडनाव. दोन मिनिटं लागतात. खाली फरशीवर पिवळा भुगा पडतो, तो पण झाडून ठेवतात कारण पितळेचा भुगा विकला जातो. वर लॅकर मारला की झालं अँटिक. जे एकमेव जुनं होतं ते काढून टाकलं आणि वस्तूला जुनी म्हणून तिप्पट भाव लावला! डोकं चालत नाही माझं.

तुमच्या लेखातल्या फोटोत सात हंडे होते. मी भिंग घेऊन बघितलं, खोटं नाही सांगत. एकावरही नाव नाही. असं होतच नाही. त्या काळातल्या सात हंड्यांपैकी चारावर तरी पाहिजेच.

हे मी दुकानदारांना नावं ठेवायला लिहीत नाही. चाचानं पण आता मशीन आणलंय. मी काही बोललो नाही पण त्याला कळलं, म्हणाला, "साहेब, तुम्ही महिन्याला एक तांब्या घेता. त्यांनी एका फेरीत टेम्पो भरला." मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाला की आता घासायच्या आधी नाव वहीत लिहून ठेवतो. वही दाखवली. बिलाची जुनी वही, उलट्या बाजूनं सुरू केलेली, तारीख, भांडं, वजन, नाव, कुणाच्या घरचं. शुद्धलेखन चाचाचं स्वतःचं. एकशे चाळीसच्या वर नोंदी झाल्यात. आपल्याकडं दिनकर केळकर होऊन गेले, घरचा धंदा चष्म्यांचा आणि नाद गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, दरवाजे, बायकांच्या फण्या गोळा करायचा, १९२० च्या सुमारास सुरुवात केली आणि १९७५ मध्ये सगळं सरकारच्या हवाली केलं, पुण्यातलं राजा केळकर म्युझियम ते हेच, वीस हजारांच्या वर वस्तू. लहान वयात गेलेल्या मुलाचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं. तिथं पण नावच की हो शेवटी. मी काय केळकर नाही आणि चाचा तर नाहीच नाही, पण ती वही बघून मला त्यांचीच आठवण झाली.

तर विनंती काय, घेणाऱ्यांनी नाव राहू द्यावं. पाहुण्यांनी विचारलं ही कोण, तर सांगा माहीत नाही, विटा भागातली कुणीतरी, हिला मामानं हंडा दिलेला. त्यात लाज कसली? विकणाऱ्यांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही सगळे, माळा रिकामा करायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला भांडी एकदा वाचून दाखवा. तेवढा एक चहाचा वेळ लागतो. आणि भांडं वापरायचं असेल तर पितळेला आतनं कल्हई करून घ्या, नाहीतर ताक कळकेल आणि मला शिव्या द्याल. कल्हईवाले कमी झालेत पण आहेत, नवसागराचा वास आला की समजा गल्लीत आलाय. कल्हई आत होते, नाव बाहेर असतं, त्याला काही होत नाही.

शेवटी माझं स्वतःचं. आमच्या घरी तांब्याचा बंब होता. मधला नळा, त्यात शेंगांची टरफलं आणि कोळसा घालायचो, वरनं एक तांब्या गार पाणी ओतलं की तोटीतनं तेवढंच कढत बाहेर. दिवाळीत पहाटे त्याला झेंडूची माळ असायची. मी कॉलेजला होतो तेव्हा घरात गिझर आला, आणि आईनं बंब मोडीला दिला. अकरा किलो भरला, गिझरचे निम्मे पैसे त्यातनं सुटले. मी तेव्हा घरीच होतो, मीच तो उचलून काट्यावर ठेवला, आणि आनंदानं ठेवला, रोज सकाळी राख काढायचं काम माझ्याकडं होतं ना. आई आता नाही. बंबाच्या पोटावर, तोटीच्या वर, टिंबांनी आजीचं नाव होतं आणि खाली 'भावाकडून भाऊबीज'. साल होतं, ते मला आठवत नाही, मी कधी नीट वाचलंच नव्हतं.

वितळला असण्याची शक्यताच जास्त. पण तीस वर्षं झाली तरी मी दुकानात शिरलो की आधी बंबांच्या तोट्यांच्या वर बघतो. कुणाकडं असा आला असेल, तोटी डाव्या बाजूला किंचित कललेली, झाकणाचा एक कान तुटून पितळेचा लावलेला, तर दुकानदारांनो, नाव घासू नका. तांब्याच्या आजच्या मोडीच्या दुप्पट भावानं मी घेतो. भाव करणार नाही.

आपला,
एक एमआर वाचक, कराड